मिठाचं प्रमाण नंतर ठरवा, आधी चोथ्यात काय उरलंय ते पाहा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला समजलं ते असं. ओडिशाच्या मयूरभंज भागातली काळी, चुंबकाला चिकटणारी टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट (लोहाचं धातुक) तुमच्याकडे आली आहे आणि तपासणीच्या दाखल्यात तिच्यात १.२ टक्के व्हॅनेडियम पेंटॉक्साइड (व्हॅनेडियम धातूचं ऑक्साइड) दाखवलं आहे. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या भाड्याच्या शेडमध्ये, मफल फर्नेसमध्ये (छोट्या बंद भट्टीत), २०० ग्रॅम माल ८ टक्के मीठ मिसळून ८५० अंश सेल्सिअसला दोन तास भाजलात आणि गरम पाण्यात लीच केलात (ढवळून विरघळणारा भाग पाण्यात उतरवलात), तेव्हा ४० टक्के व्हॅनेडियम पाण्यात उतरलं. उतारा, म्हणजे पाण्यात उतरलेल्या व्हॅनेडियमचा टक्का, वाढावा म्हणून मीठ १५ टक्के आणि तापमान ९५० अंश केलंत, तर तो ३१ टक्क्यांवर आला आणि क्रुसिबलमध्ये दगडासारखा गोळा झाला. आता तुम्ही विचारता, मीठ २० टक्के करावं, की हे सगळं सोडून सरळ सल्फ्युरिक ॲसिडने लीच करावं?

दोन्ही करू नका. मी बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या पट्ट्यात २६ वर्षं व्हॅनेडियम काढण्याच्याच कामात होतो, आधी रोस्टिंगवर (भाजण्यावर) आणि नंतर प्रयोगशाळेत. उतारा कमी आला की पहिला हात मिठाच्या पोत्याकडे जातो, हे मी खूप वेळा पाहिलं आहे. तुमची खरी अडचण अशी की उरलेलं ६० टक्के व्हॅनेडियम कुठे अडकलं आहे हे तुम्हाला अजून माहीत नाही. ते तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी अडकू शकतं आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा, कधी कधी तर एकमेकांच्या उलट असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या दाखल्यात फक्त व्हॅनेडियमचा आकडा आहे. चुना, सिलिका, क्रोमियम आणि फेरस लोह हे चार आकडे नसताना तुमच्या मालाचं अमुकच होईल असं छातीठोकपणे कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. मीही सांगणार नाही. पण तुमच्या दोन प्रयोगांनी बरंच काही आधीच सांगितलं आहे, त्यावरून बोलू.

मॅग्नेटाइटमध्ये व्हॅनेडियमचे वेगळे कण नसतात. ते तीन संयुजेचं असतं (संयुजा म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन सोडले तो आकडा), त्याचा आकार फेरिक लोहाच्या, म्हणजे तीन संयुजेच्या लोहाच्या (दोन संयुजेचं ते फेरस), जवळपास तेवढाच असतो, म्हणून ते स्फटिकात लोहाच्या जागी जाऊन बसलेलं असतं. कितीही बारीक दळलं तरी ते सुटं होत नाही आणि त्या अवस्थेत पाणी त्याला हातही लावू शकत नाही. तेच व्हॅनेडियम पाच संयुजेला नेऊन सोडियमशी जोडलं की सोडियम मेटाव्हॅनेडेट होतं, आणि ते गरम पाण्यात सहज विरघळतं. म्हणजे भाजताना दोन कामं व्हायला हवीत. आधी ऑक्सिजनने स्फटिक मोडून व्हॅनेडियमला पाचपर्यंत चढवायचं, मग सोडियमने त्याला उचलायचं. पहिलं काम झालंच नसेल, तर दुसऱ्यासाठी कितीही मीठ ओता, सोडियमला उचलायला समोर काही नसतं.

म्हणूनच एका धातुकाची कृती दुसऱ्याला लावता येत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या पठारावरच्या कार्नोटाइट या खनिजामध्ये व्हॅनेडियम मुळातच पाच संयुजेचं असतं, त्यामुळे तिथे ॲसिडने थेट लीचिंग जमतं. दक्षिण आफ्रिकेतलं बुशवेल्ड किंवा चीनमधलं पानझीहुआ इथली टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट तुमच्या मालाच्या जातीची, त्यामुळे वाचायचं तर त्यांच्याबद्दल वाचा. याच संयुजांमुळे या धातूला त्याचं नाव मिळालं. १८०१ साली मेक्सिकोत देल रिओला तो प्रथम सापडला, पण आपलीच चूक झाली असं वाटून त्याने दावा सोडला. १८३० मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोमला तो पुन्हा सापडला, तेव्हा त्याच्या क्षारांचे सुंदर रंग पाहून त्याने स्कँडिनेव्हियन पुराणांतल्या व्हॅनाडिस या देवीचं नाव दिलं. पाचला पिवळा, चारला निळा, तीनला हिरवा, दोनला जांभळा. लीच केलेलं पाणी काचेच्या नळीत धरून उजेडात पाहायची सवय लावून घ्या, रंगावरून फार कळतं.

आता ऑक्सिजनचा हिशोब करू, कारण माझ्या मते तुमचा पहिला प्रयोग इथेच फसला. तुमच्या २०० ग्रॅममध्ये १६० ग्रॅम मॅग्नेटाइट धरू. त्यातल्या फेरस लोहाचं फेरिक होऊन सगळं हेमाटाइट (तांबडं लोह ऑक्साइड) व्हायला साधारण ५.५ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. व्हॅनेडियमला स्वतःला लागतो ०.४ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लोहाची भूक व्हॅनेडियमच्या तेरा पट आहे आणि दोघं एकाच ताटात जेवायला बसलेत. एकूण ऑक्सिजन झाला जवळजवळ ६ ग्रॅम. त्यासाठी साधारण २० लिटर हवा पाहिजे, आणि तीच हवा ८५० अंशांवर फुगून ८० लिटरच्या पुढे जाते. तुमच्या मफलचा पोकळ भाग किती? छोट्या फर्नेसमध्ये पाच-सहा लिटर असतो. दार बंद ठेवलंत तर आतली हवा पंधरा वेळा तरी पूर्ण बदलली पाहिजे, आणि दाराच्या फटींतून दोन तासांत तेवढी हवा जाईल याची खात्री नाही. त्यात माल खोल क्रुसिबलमध्ये काठोकाठ भरलेला. वरच्या थराला हवा मिळाली, तळाचा माल नुसताच तापला.

हे तपासायला खर्च शून्य. भाजलेल्या मालाचा गोळा मधोमध फोडा. वर विटकरी तांबूस आणि खाली काळा दिसला, तर उत्तर मिळालं. मग खालच्या भागाची पूड कागदावर पसरून कागदाखालून चुंबक फिरवा. पूड चुंबकामागे धावली, तर मॅग्नेटाइट अजून शिल्लक आहे आणि व्हॅनेडियम त्याच्या पोटातच आहे. नीट भाजलेला माल तांबूस होतो आणि चुंबकाला जेमतेम दाद देतो. आमच्याकडे किल्नच्या (मोठ्या फिरत्या भट्टीच्या) तोंडाशी उभा असलेला कामगार खिशात चुंबक ठेवायचा आणि दर तासाला हे करून पाहायचा. प्रयोगशाळेचा निकाल यायला चार तास लागायचे, चुंबक लगेच सांगायचा.

म्हणून पुढच्या वेळी खोल क्रुसिबल सोडा आणि पसरट ताटली घ्या. थर एक सेंटीमीटरपेक्षा जाड नको. माल २०० ऐवजी ५० ग्रॅम घ्या. धूर जायच्या भोकातून आत एक सिरॅमिकची नळी घाला आणि मत्स्यटाकीच्या छोट्या पंपाने हळूहळू हवा सोडत राहा. दर वीस मिनिटांनी लोखंडी उचटण्याने माल वरखाली करा. रोटरी किल्नमध्ये भट्टी फिरते तेव्हा हेच आपोआप होतं, मफलमध्ये ते हाताने करावं लागतं. दोन तासांऐवजी तीन तास द्या. एवढा एकच बदल करा, बाकी सगळं पहिल्या प्रयोगासारखंच राहू द्या. तेव्हाच फरक कशामुळे पडला ते कळेल.

दुसऱ्या प्रयोगाची गोष्ट वेगळी आहे. तिथे माल वितळला. मीठ ८०१ अंशांना वितळतं, सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) ८५१ ला, सोडियम सल्फेट ८८४ ला. तयार झालेला व्हॅनेडेट तर त्यांच्याही आधी, ६३० च्या आसपास. तुमच्या मालात सिलिका असेल, तर सोडियम तिच्याशी मिळून चिकट काच तयार करतं. ती काच कणांवर लेप देते, त्यांच्यातल्या फटी बुजवते आणि ऑक्सिजनची वाट बंद करते. पाण्यात उतरू शकणारं थोडंफार व्हॅनेडियमही तिच्यात गाडलं जातं. मीठ आणि तापमान एकदम वाढवल्यावर तुम्ही या काचेला भरपूर खाद्य दिलंत, म्हणून उतारा ४० वरून ३१ वर घसरला. २० टक्के मिठाने तो आणखी घसरेल.

असाच एक प्रसंग मी अनुभवला आहे. एकदा आमच्याकडे नव्या ठिकाणचा कॉन्सन्ट्रेट (दगड-माती काढलेला धातुक) आला. व्हॅनेडियम चांगलं होतं म्हणून सगळे खूश होते, सिलिका कोणी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी किल्नच्या आत गरम भागात कडं धरायला लागलं. मालाची घट्ट रिंग भिंतीला बसते, तिच्यामागे माल तुंबतो आणि हवेचा ओढा कमी होतो. ओढा कमी झाला म्हणून पाळीच्या माणसाने बर्नर वाढवला आणि रिंग आणखी जाड झाली. शेवटी किल्न थंड करून आत माणसं उतरवावी लागली आणि ती फोडायला तीन दिवस गेले. त्या वेळी मी पाळीवर होतो आणि बर्नर वाढवायला मीही मान डोलावली होती. त्यानंतर सिलिकाचा आकडा हातात आल्याशिवाय मी एकही पोतं मिसळू दिलं नाही.

याचा अर्थ जास्त तापमान नेहमीच वाईट, असा घेऊ नका. काही टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटला १००० अंशांच्या वर नेल्याशिवाय स्फटिक मोडतच नाही आणि मोठ्या किल्नमध्ये तसं चालवतातही. पण तिथे आधी चुंबकीय विलगीकरणाने सिलिका बरीचशी काढलेली असते आणि सोडियम क्षार मोजून दिलेले असतात. तुमचा माल आधी दळून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, पाण्यात कालवून चुंबकाने उचला आणि न चिकटलेली वाळू टाकून द्या. हे दोनदा केलंत तर पुढचे निम्मे त्रास वाचतील.

तिसरा संशयित चुना. कॅल्शियम व्हॅनेडियमला सोडियमच्या हातून हिसकावून घेतं आणि कॅल्शियम व्हॅनेडेट पाण्यात जवळजवळ उतरत नाही. भाजणं उत्तम झालं, माल तांबूस झाला, चुंबक गप्प, तरी उतारा कमी, असं असेल तर आधी चुन्याकडे बोट दाखवा. तुमच्या धातुकाच्या शिरेत कॅल्साइट असेल तर कणाकणाने नुकसान होत राहतं.

आता चोथ्याची तपासणी. या उत्तरात एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल. लीचिंगनंतर उरलेला चोथा चांगला धुऊन वाळवा आणि त्याचे तीन भाग करा. पहिला भाग तसाच ठेवून त्यातलं एकूण व्हॅनेडियम काढा. दुसरा भाग खलात अगदी बारीक करून पुन्हा गरम पाण्यात लीच करा. आता बरंच व्हॅनेडियम उतरलं, तर ते काचेच्या लेपाखाली अडकलं होतं आणि तुमचा दोष वितळण्याचा आहे. तिसरा भाग पाण्याऐवजी पाच टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये, कोमट ठेवून, एक तास ढवळा. इथे ते उतरलं, तर ते पाच संयुजेपर्यंत चढलं होतं, पण चुन्याने किंवा लोहाने धरून ठेवलं होतं. दोन्हींत उतरलं नाही, तर ते अजून मूळ स्फटिकात आहे आणि तुम्हाला हवा आणि वेळ वाढवायला हवा. ॲसिड थोडी न भाजलेली मॅग्नेटाइटही खातं, त्यामुळे ही सीमारेषा अगदी काटेकोर नाही. पण कुठल्या दिशेने जायचं ते ती ठरवून देते.

आकडे काढताना एक फसवणूक होते, ती सांगणं गरजेचं आहे, कारण तुमच्या ४० टक्क्यांवरही मला शंका आहे. व्हॅनेडियम तुम्ही फेरस अमोनियम सल्फेटच्या टायट्रेशनने (थेंब थेंब द्रावण घालून मोजण्याच्या पद्धतीने) काढत असणार. सोडियमबरोबर भाजताना धातुकातलं क्रोमियमही सहा संयुजेला जातं आणि क्रोमेट होऊन त्याच पाण्यात उतरतं. क्रोमेटही फेरस खातं, त्यामुळे ते व्हॅनेडियम म्हणून मोजलं जातं आणि उतारा फुगलेला दिसतो. त्यावर उपाय असा. नमुना सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक ॲसिडमध्ये घेऊन आधी जादा फेरस घालून दोघांनाही खालच्या संयुजेला उतरवा. मग थंड अवस्थेतच पोटॅशियम परमँगनेटचे थेंब गुलाबी छटा टिकेपर्यंत घाला. थंडीत व्हॅनेडियम परत पाचवर चढतं, क्रोमियम खालीच राहतं. जास्तीचं परमँगनेट सोडियम नायट्राइटने मारा, नायट्राइट युरियाने मारा, आणि मग टायट्रेट करा. क्रम चुकवू नका.  आणि उतारा कधीही एकट्या पाण्यावरून ठरवू नका. पाण्यातलं आणि चोथ्यातलं मिळून मूळ मालाइतकं भरलं पाहिजे. पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर प्रयोग बाजूला ठेवा आणि आधी मोजणी सुधारा.

क्षार कोणता घ्यायचा? मीठ स्वस्त आहे आणि काम करतं, पण त्यातून क्लोरीन आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. स्क्रबर (वायू धुऊन काढणारी यंत्रणा) असलेल्या कारखान्यात ते सांभाळता येतं. भाड्याच्या शेडमध्ये, नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर, ते मला अजिबात मान्य नाही. तुमच्या फर्नेसची कॉइल त्याने सडेल, आणि शेजारच्या शेडमधल्या माणसाचा काही दोष नसताना त्याचा घसा जळेल. चाचण्यांसाठी सोडा ॲश घ्या. हिशोबाने पाहिलं तर १०० किलो मालातल्या १.२ किलो पेंटॉक्साइडला फक्त ०.७ किलो सोडा ॲश पुरते. प्रत्यक्षात सिलिका, ॲल्युमिना, क्रोमियम सगळे वाटा मागतात, म्हणून ३ ते ५ टक्के द्यावी लागते. ४ वरून सुरुवात करा. सोडा ॲशचा तोटा हा की ती सिलिकावर मिठापेक्षा लवकर हल्ला करते. म्हणून वर सांगितलेलं चुंबकीय विलगीकरण आधी. सोडियम सल्फेट सिलिकाच्या वाटेला कमी जातं, पण त्याला तापमान जास्त लागतं आणि सल्फर डायऑक्साइड निघतो, त्यामुळे तेही तुमच्या जागेत नको.

भाजलेला माल बाहेर न काढता रात्रभर फर्नेसमध्येच थंड होऊ देता का? तसं असेल तर ते बंद करा. वितळलेला व्हॅनेडेट सावकाश थंड झाला की ऑक्सिजन सोडतो आणि त्यातून व्हॅनेडियम ब्राँझ नावाची पाण्यात न उतरणारी संयुगं तयार होतात. इतक्या कष्टाने पाचवर चढवलेलं व्हॅनेडियम थोडं खाली घसरतं. माल तांबडा असतानाच पसरट पत्र्यावर ओता, किंवा चष्मा आणि हातमोजे घालून, थोडा थोडा, गरम पाण्यात सोडा. वाफ जोरात उसळते, चेहरा लांब ठेवा. लीचिंग ८० ते ९० अंशांवर, एक तास ढवळून पुरतं. त्यानंतर जे उतरलं नाही, ते चार तास ढवळूनही फारसं उतरत नाही.

आता सरळ ॲसिडने लीच करायच्या कल्पनेबद्दल. न भाजलेली मॅग्नेटाइट ॲसिडमध्ये टाकलीत तर आधी लोह विरघळेल. १०० किलो मालात ८० किलो मॅग्नेटाइट असेल, तर ती पूर्ण विरघळवायला १३५ किलो सल्फ्युरिक ॲसिड लागेल आणि हातात येईल ५८ किलो लोह असलेलं पाणी, ज्यात व्हॅनेडियम ७०० ग्रॅमसुद्धा नाही. त्यातून ते वेगळं काढणं, आणि उरलेल्या फेरस सल्फेटचं करायचं काय, या दोन्ही प्रश्नांनी धंदा बुडेल. ॲसिडला एक योग्य जागा आहे. सोडियमऐवजी मुद्दाम चुनखडी घालून भाजायचं, सगळं व्हॅनेडियम कॅल्शियमकडे जाऊ द्यायचं आणि मग सौम्य ॲसिडने, पीएच सांभाळून, ते उचलायचं. रशियात तुला इथे व्हॅनेडियमच्या स्लॅगवर ही पद्धत चालते. क्लोरीन नाही, चोथ्यात सोडियम नाही, हे तिचे मोठे गुण. तुमच्या तपासणीत चुना फारच जास्त निघाला, तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा हा मार्ग विचारात घ्या.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही अजून तिथे पोचला नाहीत. पाण्यात आलेली सिलिका ॲल्युमिनियम सल्फेटने, पीएच ९ च्या आसपास आणून, बसवून गाळतात. मग अमोनियम क्लोराइड किंवा सल्फेट जादा घालून पांढरं अमोनियम मेटाव्हॅनेडेट खाली बसवतात. त्यात ७७.७ टक्के पेंटॉक्साइड असतं. इथे गार होऊ देणं आणि रात्रभर थांबणं महत्त्वाचं, घाईने गाळलं तर बरंच पाण्यात राहून जातं. शेवटी ते ५०० ते ५५० अंशांवर मोकळ्या हवेत तापवलं की नारिंगी पेंटॉक्साइड मिळतं. काळपट आलं, तर हवा कमी पडली आणि निघणाऱ्या अमोनियाने त्यालाच खाली ओढलं असं समजा. इथेही गाठ हवेशीच.

आता न विचारलेली गोष्ट, पण वडिलकीच्या नात्याने बोलतो. १.२ टक्क्यांच्या एक टन मालातून, ८० टक्के उतारा आला तरी, साडेनऊ किलो पेंटॉक्साइड मिळतं. मागे टनभर चोथा उरतो, ज्यात सोडियम आणि सहा संयुजेचं क्रोमियम असतं. आपल्याकडे व्हॅनेडियम असलेली मॅग्नेटाइट ओडिशा, कर्नाटक, महाराष्ट्रात आहे. तरीही भारतात आजवर व्हॅनेडियम मुख्यतः बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना निघणाऱ्या गाळातून आणि वापरलेल्या उत्प्रेरकांतून आलं, ते याच गणितामुळे. तुम्ही बडोद्यात आहात. आजूबाजूला सल्फ्युरिक ॲसिडचे कारखाने आहेत, कोयलीला १९६५ पासून रिफायनरी आहे. ॲसिड प्लांटच्या वापरलेल्या उत्प्रेरकात पाच ते आठ टक्के पेंटॉक्साइड असतं, ते डायटोमाइट मातीवर बसलेलं असतं आणि बरंचसं चार-पाच संयुजेतच असतं. तिथे वर सांगितलेलं भाजण्याचं दुखणंच नाही, सौम्य ॲसिडने किंवा अल्कलीने ते उतरतं. रिफायनरीच्या उत्प्रेरकात मॉलिब्डेनम आणि निकेलही असतं, पण त्यावर तेल, कार्बन आणि गंधक असतं. ते उघड्यावर आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून नवख्याने त्यात हात घालू नये.

दोन्ही प्रकार २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय एक पिंपही शेडमध्ये आणू नका. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आणि व्हॅनेडियमची ०.२ मिलिग्रॅम आहे. तुमचं लीच केलेलं पाणी पिवळं दिसतं, म्हणजे ते या मर्यादेच्या कितीतरी पट वर आहे. प्रयोगाचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, पिंपात साठवा. त्यातलं क्रोमेट ॲसिडमध्ये फेरस सल्फेटने खाली उतरवून, मग चुन्याने बसवून, गाळ बाजूला ठेवा.

धुळीबद्दल मी कडक बोलणार आहे. पेंटॉक्साइडची धूळ श्वासनलिकेवर थेट बसते. आमच्या पॅकिंग विभागात धूळ ओढणारी यंत्रणा बसण्यापूर्वी एक नवा मुलगा दुसऱ्याच दिवशी खोकायला लागला आणि आठवडाभर रात्री झोपू शकला नाही. त्याला जीभ दाखवायला सांगितली, तर ती हिरवट झालेली. तो मुलगा सर्दी समजून आल्याचा चहा पीत होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पेंटॉक्साइडला माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही. बारीक कण अडवणारा, कडेने नीट बसणारा रेस्पिरेटर घ्या, वाळलेला माल हाताळताना तो काढू नका, आणि त्याच कपड्यांनी घरी जाऊ नका.

तर येत्या आठवड्यात नवीन भट्टी लावण्याआधी एक काम करा. त्या दोन प्रयोगांचे चोथे तुम्ही टाकून दिले नसतील, अशी मला आशा आहे. ४० टक्क्यांचा एक आणि ३१ चा एक, दोन्ही धुऊन वाळवा आणि त्यांच्यावर वरची तिहेरी तपासणी करा: चूर्ण करून पाणी, सौम्य ॲसिड, एकूण व्हॅनेडियम. माझा अंदाज असा की पहिल्या चोथ्यातलं बरंचसं कशातच उतरणार नाही आणि दुसऱ्यातलं चूर्ण केल्यावर उतरायला लागेल. अंदाज चुकला, तर चुना आधी तपासा. हे सहा आकडे आणि सिलिका, चुना, क्रोमियम, फेरस लोह इथेच लिहा, मग सोडा ॲशचं प्रमाण आणि तापमान आपण मिळून ठरवू.